ऑपरेशन मोतीबिंदूचं झालं, मग हा काचबिंदू कुठून आला?

इंदिरानगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातलं मोजकंच इथे देते.

‘माझी आई ६७ वर्षांची, पिंपळगाव बसवंतला भावाकडे असते. डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचून दाखवल्या. आम्ही पेढे वाटले. आठवड्याची तपासणी झाली, महिन्याची मात्र राहून गेली, कारण तेव्हा बागेत माल काढणीला आलेला होता. सात आठवड्यांनी ती म्हणायला लागली की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं आणि भुवईच्या वर ठणकतं. नेलं तर डोळ्याचं प्रेशर ४२ निघालं. ऑपरेशनच्या आधी ते १६ होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू झालाय. थेंब आणि गोळ्या दिल्या, आता २४ आहे. अजून खाली आलं नाही तर दुसरं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात.

भाऊ म्हणतो, डॉक्टरांनीच डोळा बिघडवला. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की ऑपरेशननंतर दिलेले पांढरे थेंब आई अजूनही दिवसातून सहा वेळा घालत होती. एक बाटली संपली की पुढची गावातल्या मेडिकलमधून आणायची. डोळा शांत वाटतो म्हणायची. आता ती कोणाशी बोलतच नाही. माझ्यामुळेच झालं, एवढंच म्हणते. नव्या गोळ्यांनी तिच्या बोटांना मुंग्या येतात, शेजारच्या काकू म्हणतात लकव्याचं लक्षण आहे. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. त्याचं ऑपरेशन करायचं की नाही? तिला थोडी शुगर आहे, थंडीत पंप लागतो. यंदा जिना चढताना जरा जास्तच धाप लागतेय, पण ते वयामुळे असेल.’

ताई, आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलू या. बाकी सगळं त्यानंतर.

आईला पंप लागतो म्हणजे तिला दम्याचा त्रास आहे. तुम्ही पत्रासोबत बाटल्यांचे फोटो पाठवलेत, त्यातल्या एका बाटलीवर दोन औषधांची नावं आहेत. पहिलं ब्रिमोनिडीन आणि त्याखाली, बारीक अक्षरात, टिमोलॉल. टिमोलॉल हे प्रेशर उतरवणारं जुनं आणि चांगलं औषध आहे, पण दमा असणाऱ्याला ते देत नाहीत. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, तिच्यातून तो नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. मग श्वासनलिका आवळते, नाडी मंदावते. जिन्यावरची ही वाढलेली धाप वयामुळे आहे, असं मी तरी धरून चालणार नाही.

म्हणून हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: आईला दमा आहे, पंप चालू आहे, थेंबात टिमोलॉल आहे आणि धाप वाढली आहे. ते लगेच थेंब बदलून देतील. डोर्झोलामाईड, ब्रिन्झोलामाईड किंवा नुसतं ब्रिमोनिडीन, असे पर्याय आहेत. फोन लागला नाही तर त्याच दिवशी कोणत्याही डोळ्याच्या डॉक्टरांना गाठा. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो थेंब घालू नका आणि तडक दवाखान्यात न्या. तिथे डोळ्याच्या थेंबाचं नाव सांगायला विसरू नका. छातीचे डॉक्टर आपणहून डोळ्याच्या थेंबांबद्दल विचारतीलच असं नाही आणि आपण तर थेंबाला औषधच समजत नाही. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की माणसं बीपीची आणि शुगरची गोळी सांगतात. थेंब कोणी सांगत नाही. तुमच्या आईनेही डोळ्याच्या दवाखान्यात पंपाचं सांगितलं नसणार.

आता काचबिंदूकडे वळते.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवी लेन्स बसवली की दिसायला लागतं. काचबिंदू हा डोळ्यामागच्या नसेचा आजार आहे. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि ती नस दाबली जाऊन हळूहळू सुकते. नसेचं जे गेलं ते परत येत नाही. नावं सारखी असल्यामुळे फार गोंधळ होतो. ‘काचबिंदू पिकला की काढू’ असं म्हणत वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुमच्या घरी बाग आहे, म्हणून ठिबकचंच उदाहरण देते. डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होतं. हे अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते, तिच्यातून गाळून बाहेर जातं. आवक आणि जावक सारखी असेल तर दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान राहतो. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात तो. ठिबकच्या फिल्टरची जाळी तुंबली की तिच्या अलीकडच्या गेजचा काटा कसा वर चढतो, ते तुमच्या भावाने हजारदा पाहिलं असेल. डोळ्यातही तेच होतं. काटा वर गेला एवढंच प्रेशर मोजून कळतं. जाळीत काय अडकलंय, की पाणी जाळीपर्यंत पोचतच नाहीये, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आणि ऑपरेशननंतरच्या काचबिंदूत सगळं यावरच अवलंबून असतं. आकडा तोच ४२, पण कारण वेगळं असेल तर उपचार अगदी उलटा होतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा आतला भाग सुरक्षित राहावा म्हणून एक जेलीसारखा पदार्थ भरतात आणि शेवटी धुऊन काढतात. त्यातला थोडा मागे राहिला तर पहिल्या काही तासांतच प्रेशर चढतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. फार चढलं तर डॉक्टर बाजूच्या चिरेतून थोडं पाणी सोडतात. जुन्या भिंगाचा एखादा तुकडा आत राहिला तर डोळ्याला सूज येते, जाळी तुंबते. तिथे नुसत्या थेंबांनी भागत नाही, तुकडाच काढावा लागतो. ऑपरेशननंतरची सूज हेच कारण असेल तर स्टेरॉइडचे थेंब वाढवावे लागतात. आणि स्टेरॉइडमुळेच प्रेशर चढलं असेल तर तेच थेंब बंद करायचे असतात! कधी बाहुली आतल्या लेन्सला चिकटते आणि पाणी पुढे येतच नाही. तेव्हा लेझरने बुबुळाच्या पडद्याला एक बारीक छिद्र पाडलं की वाट मोकळी होते. क्वचित पाणी उलटं, डोळ्याच्या मागच्या भागात साठत जातं आणि लेन्स पुढे ढकलली जाते. तिथे बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिनचे थेंब लागतात आणि बाहुली बारीक करणारे थेंब घातले तर दुखणं वाढतं. बसवलेली लेन्स जागेवरून सरकून आत घासत असेल तर वारंवार सूज येते, रक्त येतं, प्रेशर चढतं. मग ती लेन्स नीट बसवावी किंवा बदलावी लागते.

म्हणून ‘कुठले थेंब चांगले?’ हा प्रश्न दुसरा. डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: आईचं प्रेशर नेमकं कशामुळे वाढलं? त्यांनी बुबुळावर आरशाची लेन्स टेकवून आतला कोन बघितला का, तो उघडा आहे की बंद? भिंगाचा काही अंश मागे राहिलाय का? सूज आहे का? लेन्स जागेवर आहे का? हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट पेशंटच्या घरचं माणूस लक्ष घालतंय हे बघून त्याला बरंच वाटतं. मला तरी वाटतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला स्टेरॉइडचाच संशय जास्त येतो. ते ‘पांढरे थेंब’ म्हणजे बहुधा प्रेडनिसोलोन. दुधासारखे दिसतात, बाटली हलवून घालायचे असतात. ऑपरेशननंतर ते द्यावेच लागतात, नाहीतर सूज उतरत नाही. पण काही माणसांच्या डोळ्यातली ती जाळी स्टेरॉइडने आवळते. साधारण तीन माणसांमागे एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं आणि शंभरातल्या चार-सहांचं फारच वाढतं. शुगर असणाऱ्यांत आणि घरात काचबिंदू असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. थेंब सुरू झाल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांत प्रेशर चढतं. डोळा लाल होत नाही, बरेचदा दुखतही नाही. आईला दिव्याभोवती कडी दिसली, कारण दाबामुळे बुबुळाला पाणी सुटलं. या दुखण्यात निदान हे दिसलं, हे चांगलंच झालं. पुष्कळांना काहीच होत नाही आणि डोळा आतल्या आत जात राहतो.

हे थेंब कसे घालायचे असतात? पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग पाच, मग चार, असे दर आठवड्याला एकेक कमी करत साधारण सहा आठवड्यांत बंद. आई सातही आठवडे सहा वेळा घालत राहिली. आणि ज्या महिन्याच्या तपासणीत हे सापडलं असतं, ती नेमकी चुकली.

आता भावाचा राग. सात आठवड्यांनी, थेंब कमी न केलेल्या डोळ्यात चढलेलं प्रेशर हे ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर वाचणारा डोळा चांगला झालेला डोळा असतो. पण म्हणून सगळा दोष आईचा, असंही मी म्हणणार नाही. तिला मिळालेल्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी नीट पाहिला. थेंब कमी करण्याचं वेळापत्रक इंग्रजीत आहे, आखूड खुणांत, छपाई पुसट. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या, चष्म्याचा नंबर अजून न मिळालेल्या बाईने ते वाचावं अशी अपेक्षा! हे आम्हा डॉक्टरांचं चुकतंय आणि ते मी उघड म्हणते. मराठीत मोठ्या अक्षरात एक कागद द्यावा, ‘हे थेंब अमुक तारखेला बंद, मेडिकलमधून पुन्हा आणू नका’ असं त्यावर लिहावं, आणि महिन्याला कोणी आलं नाही तर दवाखान्यातून एक फोन जावा. एवढं केलं तर असे कितीतरी डोळे वाचतील. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देणाऱ्या मेडिकलवाल्याचंही चुकलं. भावाला म्हणावं, राग असेल तर तपासणी चालू ठेवून बोल. रागाच्या भरात डॉक्टर बदलायचे, नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करायची, यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि आत्ता तेवढा वेळ आईच्या नसेला परवडणारा नाही. दुसरं मत जरूर घ्या. पण संपूर्ण फाइल घेऊन जा आणि मधल्या दिवसांत प्रेशरचे बदलून दिलेले थेंब आणि गोळ्या चालू ठेवा.

पांढरे थेंब आता बंद आहेत ना, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. सूज थोडी शिल्लक असेल तर ते सौम्य स्टेरॉइड किंवा स्टेरॉइड नसलेले सुजेचे थेंब देतील. स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. एकदा बंद झाले की घरातली बाटली टाकून द्या, फ्रिजच्या दारात ठेवू नका. पुन्हा डोळा चुरचुरला की आई तीच शोधेल. स्टेरॉइड थांबल्यावर बहुतेकांचं प्रेशर दोन ते चार आठवड्यांत उतरतं. तोवरच दुसऱ्या थेंबांचा आणि गोळ्यांचा आधार लागतो. म्हणजे काचबिंदू म्हटलं म्हणून आईला जन्मभर थेंब घालावे लागतील असं आत्ताच ठरवू नका. काहींचं मात्र उतरत नाही, त्यांना पुढेही उपचार लागतात. हे महिन्याभरात स्पष्ट होईल.

मुंग्यांचं ऐका. त्या गोळ्या ॲसिटाझोलामाईडच्या आहेत. डोळ्यात पाणी तयार होणं त्या कमी करतात. बोटांना, ओठांना मुंग्या येणं, सारखी लघवी, तोंडाला चव नसणं, जेवण नकोसं होणं, हे त्यांच्यामुळेच होतं. हा लकवा नाही. काकूंना हे समजावून सांगा, नाहीतर भीतीने आई गोळी बंद करेल. पण मूत्रपिंडाचं दुखणं, पूर्वी झालेला मुतखडा किंवा सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. या गोळ्या थोड्याच दिवसांसाठी असतात. किती दिवस घ्यायच्या ते विचारून घ्या, त्याही मेडिकलमधून परस्पर आणू नका.

थेंब घालण्याची पद्धत एकदा स्वतः बघा. माझ्याकडे एक आजी यायच्या, वर्षभर नियमाने थेंब घालूनही प्रेशर उतरत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, माझ्यासमोर घाला. त्यांनी मान वर केली, डोळा गच्च मिटला आणि थेंब पापणीवर सोडला. गालावरून ओघळला, पदराने पुसला. वर्षभर औषध पदराला लागत होतं. खालची पापणी बोटाने ओढून जी खोबण होते, तिच्यात एकच थेंब टाकायचा. दोन टाकून फायदा नाही, डोळ्यात एकाचीही जागा पुरी नसते. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात टिकतं आणि शरीरात कमी जातं. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी. आईचा हात थरथरत असेल तर सुनेने किंवा नातवाने घालावा. बाटल्या ओळखायला रबर बँड लावा: दोनदा घालायच्या बाटलीला दोन, तीनदा घालायच्या बाटलीला तीन. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि महिना झाला की नवी घ्या.

दुसऱ्या ऑपरेशनची धास्ती तुम्हाला आहे. ती वेळ येईलच असं नाही. २४ म्हणजे ४२ वरून बरंच खाली आहे. नस किती सोसतेय हे बघून पुढचं ठरतं. त्यासाठी दोन तपासण्या मागून घ्या. एक ओसीटी, त्यात नसेच्या तंतूंची जाडी कळते. दुसरी नजरेच्या क्षेत्राची, म्हणजे फील्डची. एका वाडग्यासारख्या यंत्रात बघायचं आणि दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. पहिल्या खेपेला आईला जमणार नाही, ती घाबरेल, कंटाळेल. चालतं. पुन्हा करून घ्या. आजची नोंद हातात असली तरच सहा महिन्यांनी ‘वाढलं की थांबलं’ हे सांगता येतं.

औषधांनी नाहीच भागलं, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाण्याला नवी वाट करून देतात. ती वरच्या पापणीखाली झाकलेली असते. भरून येऊन ती बंद होऊ नये म्हणून तिथे मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. डोळ्यावर आधीच बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या असतील आणि तिथलं आवरण चिवट झालं असेल, तर बारीक नळी बसवतात. अशी एक नळी मदुराईच्या ऑरोलॅब या कारखान्यात बनते, त्यामुळे परदेशी नळी न परवडणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. ती सुरुवातीला दोऱ्याने बांधलेली असते, दोरा विरघळून ती उघडायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर थेंब चालूच. या ऑपरेशनने दिसणं सुधारत नाही, उरलेलं टिकतं. हे आईला आधी सांगा, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिने कॅलेंडर वाचलं होतं. ती पुन्हा तीच अपेक्षा धरेल.

इथे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, ऑपरेशन झालेल्या वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण त्यांच्यातही हा काचबिंदू होतो. त्या ऑपरेशनमध्ये पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्यात सिलिकॉनचं तेल किंवा गॅस भरतात. ओझरकडचे एक बागायतदार असं तेल भरून गेले होते. काही महिन्यांनी तेल काढायला या, असं सांगितलं होतं. दिसतंय म्हणून आले नाहीत. आले ते दोन वर्षांनी. तपासायला डोळा उघडला तर बुबुळाच्या वरच्या कडेला पांढरी रेघ, ताकावर लोणी तरंगावं तशी. तेलाचे बारीक कण झाले होते आणि पाण्यापेक्षा हलके म्हणून वर जमले होते. त्यांनी जाळी तुंबली होती. तेल काढलं, प्रेशर बऱ्याच प्रमाणात आवरलं, पण नसेचं नुकसान होऊन गेलं होतं. तेल काढायची तारीख चुकवू नका. आणि ज्यांच्या डोळ्यात गॅस भरलाय त्यांनी विमानात बसू नये, हे बहुतेकांना सांगितलेलं असतं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. मुंबईला गॅस भरून घेऊन त्याच संध्याकाळी कसारा घाट चढलं तरी वरच्या हवेत तो गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ‘मी नाशिकला जाणार आहे, घाट चढायचाय’ हे आवर्जून सांगा.

आता डावा डोळा. त्यातला मोतीबिंदू पुढे काढायला हरकत नाही. पण उजवा आधी स्थिर होऊ द्या. एका डोळ्यात स्टेरॉइडने प्रेशर चढलं की दुसऱ्यातही चढण्याची दाट शक्यता असते, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: स्टेरॉइडने प्रेशर वाढतं. मग डॉक्टर सौम्य थेंब निवडतील, लवकर थांबवतील आणि प्रेशर वरचेवर मोजतील. मात्र भीतीपोटी वर्षानुवर्षं लांबवू नका. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून स्वतःच प्रेशर वाढवतो.

हेच वाक्य आईच्या इतर डॉक्टरांनाही दाखवा. गुडघ्यातलं इंजेक्शन, डोळ्याजवळ लावायचं मलम, दम्याचा पंप, यांत स्टेरॉइड असू शकतं. पंप बंद करायचा नाही, तो श्वासासाठी हवाच. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असावं. आणि ताई, तुमचं वय चाळिशीपुढे असेल तर तुम्ही आणि भाऊ, दोघांनीही एकदा प्रेशर आणि नस तपासून घ्या.

या दिवसांत आईला अचानक खूप डोकं दुखलं, उलट्या झाल्या, डोळा लाल झाला किंवा धुक्यातून पाहावं तसं दिसायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. उलट्या म्हणून पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. डोळ्याच्या दवाखान्यात न्या, रात्रीचं कुठे शक्य नसेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात न्या. शिरेतून औषध देऊन प्रेशर काही तासांत उतरवता येतं. तेव्हाही शुगरचं आणि दम्याचं सांगा.

आणि आई बोलत नाही, त्याबद्दल. तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा की थेंब घातल्यावर डोळा शांत वाटायचा हे खरंच होतं. ते औषध सूज उतरवतं, म्हणून तसं वाटतं. आळस म्हणून तिने काही चुकवलं नाही. उलट जरा जास्तच मन लावून औषध घेतलं, दिवसातून सहा वेळा, बागेतून येऊन हात धुऊन. तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं, एवढंच. तेच मन लावणं आता नव्या थेंबांना लागणार आहे.

पुढच्या तपासणीला आईला तुम्ही स्वतः घेऊन जा. पिशवीत फाइल, डिस्चार्ज कार्ड, घरातल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं. आणि तो पंप.